नानांच्या पाटावर डांबर नको

अध्यक्ष आबा, समोर बसलेल्या, नानांच्या सहचारिणी अक्का, आणि हातातली कामं टाकून या शाळेच्या पडवीत जमलेल्या सगळ्यांनो,

वीस वर्षं मी या तालुक्याच्या बातम्या पाठवतो. शोकसभांच्याही कितीतरी पाठवल्या. त्यात ठरलेलं एक वाक्य असतं, ‘अनेकांनी मनोगते व्यक्त केली.’ त्या अनेकांत उभं राहायची वेळ आज पहिल्यांदा आली, आणि कळलं की ते वाक्य लिहिणं किती सोपं आहे. दुःख आहेच. पण अक्का, माफ करा, दुःखापेक्षा मला वैताग जास्त आलाय. तो पोटात ठेवून नानांविषयी गोड बोलणं मला जमणार नाही.

नाना आपल्या पाटाचे पाटकरी. पाणी सोडायचं, दारं बंद करायची, भराव कुठे फुटलाय ते बघत पाटाकडेच्या वाटेने दोन कोस जायचं. पाटबंधाऱ्याच्या साहेबांनी सायकल देऊ केली तर म्हणाले, सायकलवरून गळती दिसत नाही, ती तळपायाला कळते. म्हणून अनवाणी. आणि उशीर होतो म्हणून पळत. एवढंच त्यांचं शास्त्र.

मग पोलीस भरतीची पोरं यायला लागली. बुटांना पैसे नव्हते, आणि नानांना बूट लागत नाहीत हे दिसत होतं. मग जळगावचे बँकेतले दोघे आले. फैजपूरच्या एक शिक्षिका आल्या. पोस्टकार्डं यायला लागली, अनवाणी पळायला सुरुवात करायचीय, काय काय लागेल?

काय लागेल? तुमच्यातल्या निम्म्यांनी ते सामान पाहिलंय. पाटावरच्या चौकीच्या ओट्यावर तीन घमेली. एकात नदीची वाळू, एकात मुरूम, एकात बारीक खडी. नव्या माणसाने आधी त्यात उभं राहून जागच्या जागी पावलं टाकायची. आठवडाभर वाळू, मग मुरूम, मग खडी. शेजारी शहाबादी फरशीचा तुकडा. पाय ओले करून त्यावरून चालायचं, उमटलेल्या ठशावरून नाना सांगणार, तुझा भार टाचेवर पडतो, पाऊल आखूड टाक. एक न्हाव्याकडचा जुना आरसा, पळून आल्यावर तळवा बघायला. एक चिमटा, एक सुई, एरंडेलाची बाटली. बस्स. दुकानातून मुद्दाम आणावी अशी वस्तू त्यात एरंडेलच. आणि पळताना पायाचा आवाज आला की नाना मागून म्हणणार, वाजू नको.

मीही त्या घमेल्यात उभा राहिलोय. हसू नका. डॉक्टरांनी वजनाची भीती घातली होती. धोतर खोचून मी वाळूत उभा, आणि पंडित असल्यामुळे तोंड बंद राहीना. म्हटलं, नाना, पादत्राण म्हणजे पायांचं रक्षण करणारं. शास्त्रात त्याला मान आहे. नाना मुरमाचं घमेलं माझ्यासमोर सरकवत म्हणाले, “मंग पाय काय करस, पंडित?” वीस वर्षांचं संस्कृत बाजूला सारून मी मुरमात पाय टाकला.

आता वैतागाकडे येतो.

गेल्या साली नानांनी मला चौकीवर बोलावलं. म्हणाले, पोस्टकार्डांना उत्तरं लिहून हात दुखतो, तू पेपरात एकदा सगळं लिही. लोक वाचतील आणि आपापल्या गावात घमेली मांडतील. त्यांनी सांगितलं, मी लिहून घेतलं. घरी आलो. मजकूर लहान वाटला. मग मी काय केलं? आम्ही बातमीदार जे नेहमी करतो तेच. शेवटी दोन ओळी जोडल्या. पाटाची वाट कच्ची आहे, बाभळीचे काटे पडतात, तरी संबंधितांनी याकडे लक्ष द्यावे. गटार असो, बसथांबा असो, आम्ही हे वाक्य हात धुतल्यासारखं लिहितो. संबंधित कधी लक्ष देत नाहीत, या भरवशावर लिहितो.

यावेळी दिलं.

त्याहून वाईट म्हणजे, जागेअभावी पेपराने वरचं कापलं. घमेली गेली, आरसा गेला, चिमटा गेला. राहिले काटे आणि संबंधित. नानांनी कात्रण वाचलं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “काय लागस ते मी सांगं व्हतं, भाऊ. तू काय नही ते लिखं.”

परवा आबा मला म्हणाले, पंडित, तुमच्या बातमीचं चीज झालं, वाट मंजूर झाली, नानांच्या नावाने स्मृतिपथ करतोय, खडी आणि डांबर. आबा, तुमचं मन मोठं आहे, यात शंका नाही. आधी तुमची स्मारक समिती शंभर पोरांना कॅनव्हासचे बूट वाटणार होती, अनवाणी पळणाऱ्या माणसाच्या स्मरणार्थ. ते मी हसण्यावारी नेलं. हे कसं नेऊ?

अहो, आपल्याकडे वैशाखात डांबरावर टाकलेली चप्पल चिकटून राहते. तिथे नवशिका तळपाय ठेवणार कुठे? ती वाट कच्ची नव्हती. ती तयार केलेली होती. नाना रोज सकाळी पहिला फेरा झाडू घेऊन मारायचे, काटे वेचायचे, मुरूम उकरून मऊ करायचे. सगळ्या सामानात मोठं सामान म्हणजे ती वाट. घमेली कुणीही मांडेल. तशी वाट करायला माणसाला किती वर्षं लागतात, हे मला विचारू नका, अक्कांना विचारा.

काल सकाळी मी चौकीवर गेलो. खडीचे ढीग कुठवर आलेत ते बघायला. पाहतो तर अक्का, दुखवट्यातल्या अक्का, पाटावर वाकून काटे वेचताहेत. मी म्हटलं, अक्का, नाना गेले, आता कशाला? त्यांनी वर पाहिलं नाही. म्हणाल्या, “त्या गयात. काटा तठेच शेतस.”

मी घरी आलो आणि अर्ज लिहिला. एक पान. डांबर नको, वाट आहे तशी राहू द्या, काटे वेचायची पाळी गावाने वाटून घ्यावी. मागणी माझ्याच बातमीतून निघाली म्हणून चूक माझी, असंही लिहिलंय. खाली माझी सही आहे. शेजारी अक्कांचा अंगठा. तिसरी जागा आबा, तुमच्यासाठी मोकळी ठेवलीय. तुमच्या सहीशिवाय सोमवारी येणारा रोलर थांबणार नाही, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे.

उत्तर आत्ता मागत नाही. आधी नानांसाठी उभे राहू. दोन मिनिटं, नेहमीसारखी. कागद टेबलावर आहे, पेनाचं टोपण काढून ठेवलंय.

नाना, नमस्कार. उठा मंडळी.