राडोमच्या दुकानाचा दोन ओळींत गोषवारा

...आणि वर म्हणतात काय, तर 'जरा आटोपशीर, लुडविकाबाई.' आता तुम्हीच सांगा, आटोपशीर म्हणजे नक्की किती हो? बाळंतपणाची रजा संपवून कामावर आले, तर गळ्यात काय पडलं, एआयचा गोषवारा. आमची बेकऱ्यांची साखळी, सगळ्या दुकानांच्या विक्रीचे आलेख एका पडद्यावर, आणि शेजारी हा एआय ते शब्दांत सांगतो. सांगतो कसला, कीर्तन लावतो. 'सर्वप्रथम हे लक्षात घेणे उचित ठरेल की...' आमचे डायरेक्टर तादेउशसाहेब पहिल्याच ओळीला जांभई देतात. 'आटोपशीर, लुडविकाबाई.'

बरं. बजावलं त्याला, दोन ओळी, वर एक अक्षर नको. आणि तुम्हाला सांगते, आदल्या दिवशी होता तुपकट गुरुवार, उपवासांच्या आधीचा, अख्खा पोलंड पोंच्की, म्हणजे आत जॅम भरलेले तळलेले गोळे, खात सुटलेला, आमच्या राडोम गावातल्या दुकानाची रांग पार चर्चपर्यंत. मग शुक्रवारी कोण खाणार, पोटात जागा नको? पण ह्यानं दोन ओळींत बसवायला नेमका सणच गाळला. 'राडोमची विक्री कोसळली. दुकान बंद करण्याचा विचार व्हावा.' आणि साहेबांनी, ज्यांनी जन्मात कधी अहवाल वाचला नाही, त्यांनी हे वाचलं! 'आटोपशीर आहे. करू या बंद.'

अहो, तिथे बोगुमिलाबाई पहाटेपासून कढईपुढे उभ्या, हाताखाली चौघीजणी... म्हटलं, साहेब, थांबा, गेल्या वर्षीच्या ह्याच आठवड्याशी ताडून बघू. ही अक्कल माझीच बरं का. पण सण दरवर्षी पुढेमागे सरकतो, हे विसरले; गेल्या वर्षी ह्या आठवड्यात कुणी पोंच्कीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं! पडद्यावर आलं, 'राडोमची विक्री अनेक पटींनी वाढली. समोरच दुसरं दुकान उघडावं.'

'सकाळी बंद, दुपारी दुसरं उघडा?' साहेब म्हणाले. 'आटोपशीर मागितलं होतं, लुडविकाबाई, चक्रम नव्हे.'

मग मी सरळ केलं त्याला. प्रत्येक वाक्यासोबत आकडा दे, कशाशी ताडलं ते सांग, ठाऊक नसेल तर नाही म्हण. तर गुणी बाळासारखं लिहिलं, 'काल सण होता, म्हणून आज विक्री कमी. दुकान चालेल का, हे एका दिवसावरून सांगता येत नाही.'

'सांगता येत नाही, हे काय सांगणं झालं?' साहेबांनी थेट राडोमला फोन लावला. आणि बोगुमिलाबाई सुटल्या... तेल कसं आलंय, गुडघा कसा धरलाय, रांगेत दोन म्हातारे कसे हमरीतुमरीवर आले, सून काय म्हणाली... साहेब आपले 'हो का', 'अरेरे', 'मग?' एक आकडा नाही हो त्यात, औषधाला नाही. फोन ठेवला आणि म्हणाले, 'दुकान चालू राहील. ह्याला म्हणतात विश्वास बसेल असं सांगणं. फक्त जरा लांबलं.'

म्हणून आता रोज सकाळी राडोमला फोन मी लावते, तेलापासून सुनेपर्यंत सगळं ऐकते, त्याच्या दोन ओळी करते, आणि खाली, लोकांचा विश्वास बसावा म्हणून, नाव माझं. माझं... जी गॅस बंद केला का ते बघायला अर्ध्या वाटेतून घरी जाते, बघते, परत निघते, आणि बसमध्ये बसल्यावर नवऱ्याला फोन करून विचारते, 'अरे, मी बघितलं ना?'