बिनटक्सांचं जाकीट

सिद्धोधन: आता पालथी हो. कोपरावर. हां, तशीच पुढं सरक.

मनिषा: तुमच्या दुकानात सरकायला जागा कुठं आहे? इकडं मशीन, तिकडं लोकांचे ब्लाउज.

सिद्धोधन: दाराकडं सरक. शटर अर्धं ओढलंय, कुणाला दिसत न्हाई.

सुलाबाई: मला दिसायलंय की. सून पालथी पडून रांगायलीय आन् लेक टेप घिऊन मागं मागं. आख्ख्या गंगाखेडात आसलं टेलरिंग बघितलं न्हाई बाई मी.

सिद्धोधन: आई, तू तिचा डब्बा भर. गाडीचा टाइम हुईल.

सुलाबाई: डब्बा कवाच भरलाय. दशम्या हायेत, शेंगदाण्याची चटणी हाय. तुझंच जाकीट हुईना. बायकोची सुट्टी सरली, तुझी ट्रायल सरंना.

मनिषा: गळ्याशी वर येतंय अजून. पण खऱ्या बुलेटप्रूफ जाकिटाइतकं नाही. ते तर खाली बसलं की हनुवटीला लागतं. पुरुषांच्या मापाचं ना ते. म्हणून तर आमच्या पोलीस कॅम्पातल्या मॅडम म्हणाल्या, बायांच्या जाकिटाचं माप ठरवायला माणसं येणार आहेत, कुणाच्या घरी शिवणारं असंल तर साध्या कापडाचा नमुना आणा. कुठं टोचतं ते दाखवता येईल.

सिद्धोधन: मग टक्स घालू दे, चिमटीएवढी घडी मारून. दोन्हीकून एक एक. फिटिंगला माझं नाव हाय ते टक्सावरच.

सुलाबाई: फिटिंगला नाव हाय. टायमाला न्हाई.

मनिषा: टक्स चालत नाहीत, किती वेळा सांगू? टक्स म्हणजे शिवण आली. शिवणीत गोळी शिरती. आतलं कापड अखंड पाहिजे. पिवळसर असतं ते, पातळ, हातात धरलं तर ओढणीवानी वाकतं. त्याचे लय थर, एकावर एक. नुसत्या कडा शिवलेल्या, मधी मोकळे.

सुलाबाई: मधी टाकेच न्हाईत? वाकळंला बी मधी टाके लागत्यात. न्हाईतर थर सरकत्यात आतल्या आत.

मनिषा: सरकायलाच पाहिजेत, आत्या. दाट टाके घातले तर फळीसारखं ताठ होईल, माणूस वाकणार कसा? गोळी आली की पहिला थर तिला धरतो, मग दुसरा, मग तिसरा. धागे ताणतात, जोर चहूकडं पसरतो. शेवटच्या थरापर्यंत येईस्तोवर गोळी चपटी होऊन बसलेली असती.

सिद्धोधन: आन् मार?

मनिषा: कसला मार?

सिद्धोधन: गोळी बसली थरात. तिचा मार कुठं जातो?

मनिषा: येतो थोडा आत. उठू का आता? कोपरं दुखायलीत माझी.

सिद्धोधन: ऊठ. सावकाश ऊठ. मला काल सपान पडलं.

सुलाबाई: दुपारी पडलं आसंल. मशीनवर डोकं टेकवून घोरायला हुता.

सिद्धोधन: दुपारचंच. आपल्या गंगेच्या वाळूत बसलोय मी. टरबुजाचे येल पसरलेत चहूकडं, आन् मी थर लावायलोय. एक लावला की हातात दुसरा आलाच. पहिला तुझा शाळेचा निळा फ्राक. मग कॉलेजचा ड्रेस, तुझ्या मायचं लुगडं. मग मला वळखू येईनात आसली कापडं यायला लागली. तू म्हातारी झाल्यावर नेसशील तसली, धुऊन धुऊन मऊ झालेली. मी लावायलोय, लावायलोय, सरतच न्हाईत. आन् वजन म्हणशील तर काहीच न्हाई.

मनिषा: मग?

सिद्धोधन: मग तू ते घातलंस आन् पाण्यात उतरलीस. पाणी तुला लागंना. बाजूबाजूनं जायचं, वाट दिल्यावानी. पलीकडच्या काठाला गेल्यावर मी हाक मारली. तू वळून बघितलंस, हसलीस. लय बरं वाटलं मला. डोळं उघडलं तर गालावर मशीनचा वळ.

मनिषा: तुमचं सपान पण शिवणकामाचंच. थांबा, ही कड उसवायलीय इथं. आत हे पांढरं काय आहे?

सिद्धोधन: अस्तर हाय.

मनिषा: अस्तराला चंदेरी किनार असती का?

सुलाबाई: घ्या. मी म्हणलं हुतं तुला, सिद्धू, तिला इचार.

मनिषा: हे माझं लग्नातलं पातळ आहे. विहारात नेसलेलं. माझ्या बापानं नांदेडहून आणलेलं. कापलं तुमी?

सिद्धोधन: कापलं.

मनिषा: मला न विचारता? पोतंभर चिंध्या पडल्यात दुकानात, त्या दिसल्या नाहीत? ट्रंकेच्या तळातनं हेच काढलं? जायच्या दिवशी मला भांडायला लावू नका. का कापलं?

सिद्धोधन: ऑफिसात कोन पालथं पडून सरकतं, मनिषा?

मनिषा: मी कापडाचं विचारायले.

सिद्धोधन: मी बी कापडाचंच सांगायलोय. तू घरी म्हणलीस, ऑफिसात ड्यूटी मिळाली, फायली लावायच्या. आन् माप देताना म्हणतीस, गुडघ्यावर बघा, पालथं बघा, झाडाआडून वळल्यावर बगलेत वढतं का बघा. फायलीला झाड कुठं आसतंय?

सुलाबाई: म्हंजी? ही ऑफिसात न्हाई?

सिद्धोधन: पहिल्याच दिवशी टेप लावली तवा डाव्या बरगडीला माझं बोट लागलं. तू दात चावलेस. बाथरूमात घसरले म्हणलीस. घसरल्यावर अंग खरचटतं, मनिषा. आसा वाटीएवढा गोल काळा डाग पडत न्हाई. सुट्टीभर मी रोज ट्रायल घेतली. जाकीट कवाच झालं हुतं. मला वाटायचं, आज सांगशील.

(पंखा कुरकुरतोय आणि अर्ध्या शटरखालून आलेल्या उन्हात कापसाचे बारीक तंतू तरंगताहेत. सिद्धोधन गळ्यातली टेप बोटाला गुंडाळतो, सोडतो, पुन्हा गुंडाळतो. एरवी तोंडात टाचण्या धरून बसणारा हा माणूस, त्याला गप्प राहायला कारण लागत नाही. आज मात्र तोंडात टाचणी नाही, आणि बोललेलं परत घेता येत नाही.)

सुलाबाई: गोळी लागली तुला? पोरी! आन् मी तुला इतके दिस भांडी घासू दिली!

मनिषा: लागली नाही, आत्या. अडली. रडू नका. भांडी घासून काही होत नाही मला.

सिद्धोधन: कसं झालं?

मनिषा: आमची पोलिसांची पार्टी जंगलातला रस्ता तपासत चालली होती. मी पुढं होते. आवाज आला, तुमच्या मशीनसारखा, सलग. मग कुणीतरी छातीला हात लावून ढकलल्यासारखं झालं. पडले तर वर सागाची पानं होती, मोठी मोठी, आणि त्यातनं ऊन गळायलं होतं. इतकं शांत वाटलं! मला वाटलं दुपार आहे, मी इथं फरशीवर पडलेय, तुमी कुणाचा तरी ब्लाउज शिवायलात, आता चहा ठेवावा. उठावंच वाटेना. मग पोरींनी ओढलं मला मागं.

सिद्धोधन: मला सांगायचं न्हाईस?

मनिषा: सांगितलं असतं तर तुमी जेवण सोडलं असतं.

सिद्धोधन: आता काय जेवायलोय मी? मला ठाव हाय, हे सुती हाय. ह्याचे शंभर थर लावले तरी गोळी अडत न्हाई. पन मला शिवण्याबिगर दुसरं येतंय काय? लग्नात तू ते पांढरं नेसून हुबी राहिलीस, तवा तुला कवा काही हुईल आसं मनातच आलं न्हाई माझ्या. म्हणून तेच आतून लावलं, अंगाजवळ. भ्या वाटायलंय मला. लय भ्या वाटायलंय. खऱ्या जाकिटाखाली घालत जा हे.

मनिषा: नाही घालता येत. खाली जाड काही आलं की जाकीट उचलतं, बगलेत फट पडती.

सिद्धोधन: थोडी जाडी कमी करून दिली तर?

मनिषा: तरी नाही.

सिद्धोधन: मग उसवतो. पातळ तरी ठिऊन जा घरी.

मनिषा: उसवू नका. राहू द्या आत. मापवाल्यांना दाखवून झालं की उशाला घेईन मी.

सुलाबाई: ते समदं झालं. पन तू ऑफिसातलं काम मागून घे की, पोरी. मागितलं तर देतील का न्हाई?

मनिषा: देतील, आत्या. डाग बघून तर लगेच देतील. पण मग माझ्या जागी दुसरी पोरगी पुढं चालेल. तिलाबी तेच, हनुवटीला लागणारं जाकीट. तिच्याबी घरी असं कुणीतरी असंलच की.

सुलाबाई: तुझ्याशी बोलण्यात मी जिंकायची न्हाई. चल, मी कुठं रिक्षा भेटती का बघते. दोघं बोला काय बोलायचं ते.

सिद्धोधन: दंड बघू. झालं. आता कुठं वढत न्हाई.

मनिषा: अहो.

सिद्धोधन: काय?

मनिषा: एकदा नको जाऊ म्हणा की.

सिद्धोधन: म्हणलं तर राहशील?

मनिषा: नाही.

सिद्धोधन: मग कशाला म्हणू?

मनिषा: बाकीच्या पोरींना घरून फोन येतात, परत ये म्हणून. तुमी सुट्टीभर नुसतं माप घेतलंत. एकदा म्हणा. कानात घेऊन जाईन.

सिद्धोधन: नको जाऊ.

मनिषा: आणखी एकदा.

सिद्धोधन: नको जाऊ, मने. राहा.

मनिषा: हां. येते मी.