ओल्या कपड्यांचा सिलाग

फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरात, जीपनी या प्रवासी गाडीच्या थांब्यावर देल्फिन बाकावर बसला होता. मांडीवर जुन्या चित्रकथांचा गठ्ठा होता. त्याची बायको लुमिंग दुकानात त्या भाड्याने वाचायला द्यायची. ती गेली, दुकान बंद झालं आणि आज तो गठ्ठा रद्दीत घालायला निघाला होता. शेजारी रांगेत पन्नाशीतले बहीणभाऊ उभे होते.

“ताई, वरचं पुस्तक बघ. सिलाग.”

“कपडे ओले असेपर्यंतच उडायचा, तोच ना?”

“तोच. वाळले की धपकन खाली.”

“असला कसला रे हिरो? बाकीचे हिरो डोंगर उचलायचे.”

“त्यांची नावं सांग बरं.”

“नाही आठवत.”

“आणि सिलागची बायको?”

“ती कशी विसरेन? बादली घेऊन खालून धावायची बिचारी. पाणी सांडत, त्याला शिव्या घालत.”

“दुकानाच्या बाकावर बसून वाचायचो आपण.”

“तू एकदा सदऱ्यात लपवून नेत होतास. दुकानवाल्या बाईंनी कान पिळला होता.”

जीपनी आली.

“काका, चढताय ना?” भावाने विचारलं.

देल्फिन गठ्ठ्याची दोरी सोडत होता. तो बाकावर थोडा सरकला.

“जाऊ दे ही गाडी. बसा दोघं. पण इथेच वाचायचं हं, घरी न्यायचं नाही.”