ईशान्येचं बटन

उद्या पायाभरणी होती, म्हणून गोवर्धन सकाळीच नकाशे काढणाऱ्या ऑफिसातून घराचा नकाशा घेऊन तालुक्याच्या एसटी स्टँडवर येऊन बसला होता. मागच्या बाकावर त्याच ऑफिसात कॉम्प्युटरवर नकाशे काढणारी दोन पोरं बोलत होती.

"तीन दिवस काय करून राहिला होता बे विक्की?"

"स्क्रीनवरची बटनं वास्तूप्रमाणं लावून राहिलो होतो."

"बटनाले कायले वास्तू?"

"घराले लागते, मग घर ज्याच्यानं काढतो त्याले नाही लागत? सेव्हचं बटन ईशान्येले, देवघराच्या जागी. खोडायचं दक्षिणेले, यमाकडे."

"अन् दार काढायचं बटन?"

"ते पूर्वेलेच पाहिजे. पण पूर्वेले जागाच नाही उरली."

"मंग?"

"काढूनच टाकलो. उलट्या दिशेले ठेवण्यापेक्षा नसलेलं बरं."

"मंग काल जो नकाशा पुरा केला, त्याच्यात दारं कशी काढला?"



"खिडक्या मोठ्या देल्लो ना बे."

गोवर्धननं मांडीवरची गुंडाळी हळूच सोडली आणि नकाशावर चारी बाजूंनी बोट फिरवलं.

खिडक्या खरंच मोठ्या होत्या.