मीटरमागं किती पडतं

...आणि वर पप्पा मलाच विचारतात, "पूर्वी, तू सांग, मीटरमागं किती पडतं?" आता तुम्हीच सांगा, जिममध्ये माणूस वर्षभर पळाला तर मीटरमागं किती पडतं, हे नववीच्या गणितात कुठल्या धड्यात आहे? पण आमच्या पप्पांना वाटतं, असणारच. त्यांचे लूम आहेत, लूमवर कापड मीटरनं निघतं, कारीगराला मजुरी मीटरनं मिळते, म्हणून जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना मीटरनंच मोजायची असते. आणि मोजायला मी. कारण माझं गणित बरं आहे आणि मी उलट बोलत नाही. उलट काय, मी सुलटसुद्धा बोलत नाही. शाळेत हजेरीला मी "हजर" म्हणते ते बाईंना ऐकूच जात नाही, म्हणून शेजारची ऋतिका माझा हात धरून वर करते.

तर तुम्हाला सांगते, हे सगळं सुरू झालं जत्रेपासून. चैत्रात आमच्या गावदेवीची पालखी निघते, आणि पालखीचा पुढचा उजवा खांदा आमच्या घराचा. आधी आजोबांचा होता, मग पप्पांचा. गेल्या वर्षी देवळापुढच्या चढावर पप्पांना अशी धाप लागली की पालखी डुलायला लागली, आणि देवीच्या आधी आमची आक्काच डोळे मिटून बसली. आक्का म्हणजे पप्पांची मोठी बहीण, आमच्याकडेच राहते. मग पप्पांचे चुलतभाऊ हिरामणकाका पुढं झाले, दांड्याखाली स्वतःचा खांदा घातला आणि अख्ख्या गावासमोर म्हणाले, "सोड, केसरी. तुझ्या पोटालाच वेगला भोई लागंल."

लोक हसले. पप्पाही हसले. पण घरी येऊन जेवले नाहीत, आणि पप्पा जेवले नाहीत म्हणजे आमच्याकडे डॉक्टर बोलावतात. वर गावातल्या म्हाताऱ्यांनी निरोप धाडला, पुढच्या जत्रेला पुन्हा मध्येच सोडलीस तर खांदा हिरामणच्या घरात जाईल. मी काही बोलले नाही. मी कुठं बोलते?

दिवाळीचा फराळ संपला आणि पप्पांनी जाहीर केलं, जिम लावणार. आक्का तांदूळ निवडत होती. म्हणाली, "पैसं देऊन वजन उचलाचं? मंग या भाताच्या गोन्यांनी काय घोडं मारलंय?" पण पप्पांचं ठरलं होतं. फक्त आधी रेट काढायचा. आता रेट काढायचा म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत नसेल तर सांगते. आमच्याकडे रेट काढायला जाताना जीप न्यायची नाही. जीप बघितली की समोरचा भाव चढवतो. गळ्यातली चेन काढून आक्काकडे ठेवायची, जुना शर्ट घालायचा, झिजकी चप्पल घालायची, आणि चालत जायचं. रिक्षासुद्धा नाही, कारण रिक्षातून उतरणारा माणूस पैसेवाला दिसतो म्हणे. आणि बरोबर शाळेच्या कपड्यातली मुलगी न्यायची, म्हणजे समोरच्याला दया येते. बघा, माझा उपयोग फक्त गणितापुरता नव्हता.

पहिली जिम कल्याण नाक्याची. एसी, भिंतभर आरसे, आणि तिथले मनोज सर, ज्यांचे दंड शर्टातून बाहेर यायला बघत होते. "अंकल, साल का सात हजार. ट्रायल फ्री है." फ्री म्हटल्यावर पप्पा चपलेसकट पळायच्या पट्ट्यावर चढले. पट्टा चालू झाला, आकडे पडायला लागले, पप्पा खूश, मला म्हणतात, "बघ, मीटर पडतंय"... आणि गेली लाइट. भिवंडीतलं लोडशेडिंग काय, देवालाही विचारत नाही. पट्टा जागच्या जागी थांबला, पप्पा नाही थांबले. मनोज सरांनी त्यांना छातीवर झेललं. दुसरा कोणी असता तर लाजला असता. पप्पा अंधारात विचारतात, "लाइट जाईल तेवढं तास कापून देशील ना? माझा लूम बंद पडला तर मला कोन मीटरचं पैसं देतो?" मनोज सर म्हणाले, "अंकल, ऐसा कोई नहीं पूछता." पप्पा म्हणाले, "म्हनून तर तुमचं चाललंय."

मी आरशात बघत होते. आरसे भिंतभर, बघायचं तरी कुठं?

दुसरी निजामपुऱ्यातली व्यायामशाळा. गल्ली इतकी अरुंद की समोरून कापडाचा हातगाडा आला तर आपण कुणाच्या तरी दुकानात शिरायचं. खाली लूम, वर व्यायामशाळा. लूम चालले की अख्खी माडी हलते, आणि पोरं त्याच तालावर जोर काढतात. तिथले रफीक उस्ताद म्हणाले, "महीने का पचास. बत्ती जाए तो भी चालू, खिडकी है ना." पप्पांना एकदम पसंत. घर आल्यासारखं वाटलं असणार, तोच आवाज, तोच कापसाचा धुरळा. पण मग उस्ताद म्हणाले, "पहले छह महीना सिर्फ दंड-बैठक, लोहा बाद में." पप्पांचं तोंड उतरलं. लोखंड नाही तर पैसे कशाचे?

झालं. मग परत कल्याण नाका, उस्ताद पन्नासात देतो, तुम्ही किती कमी करता? मनोज सर थोडे खाली आले. मग परत निजामपुरा, ते एसी देतात, तुम्ही काय देता? उस्ताद म्हणाले, "हम चाय देते हैं." मग परत नाका. रोज. शाळा सुटली की पप्पा फाटकाशी उभे, चेन नाही, जुना शर्ट. टेंपोंच्या रांगेतून, गटारावरच्या फरशांवरून, एका जिममधून दुसऱ्या जिमकडे, आणि तिथून घरी. मी दप्तरासकट मागं. दिवाळी गेली, संक्रांत गेली, होळी गेली. पप्पांचा रेट काही निघाला नाही. आक्का विचारायची, "लावलीस का रं जिम?" आणि पप्पा म्हणायचे, "अजून घासाघीस चालू हाय." आक्का म्हणायची, "देवी थांबल हां तुझ्यासाठी."

आणि आली जत्रा. जिम न लावताच आली. पुढचा उजवा खांदा पप्पांनीच घेतला. पालखी चढाला लागली, आणि हिरामणकाका बाजूनं हात पुढं करून पळायला लागले, आत्ता सोडेल, मग सोडेल. ढोल वाजतोय, आक्का पदराचं टोक दातात धरून उभी, मी आक्काचा दंड धरून उभी... आणि पप्पा चढले. नुसते चढले नाहीत, गुलाल उधळणाऱ्यांकडे बघून मान हलवत चढले. देवळाच्या दारात पालखी टेकली तेव्हा धापा हिरामणकाका टाकत होते. पप्पांनीच त्यांना पाणी दिलं. आक्का नुसती रडली, आणि रडता रडता म्हणाली, "शर्ट बघा कसा ढगळ झालाय माझ्या भावाला."

शर्ट सगळ्यांनी बघितला. मी घरी येऊन दारातली पप्पांची ती झिजकी चप्पल बघितली. टाचेकडं पार भोक पडलेलं, खालची जमीन दिसत होती. मला सगळं कळलं. पण मी काही बोलले नाही, आणि तुम्हाला सांगते, तिथंच चुकलं.

कारण पप्पांना वाटलं, ही जिमची कृपा. न लावता एवढा गुण, तर लावल्यावर किती? दुसऱ्या दिवशी चेन घालून, जीप काढून, घासाघीस न करता पूर्ण सात हजार भरून आले. चार दिवस जीपमधून गेले. पाचव्या दिवसापासून मनोज सरांबरोबर चहा. मग तेही बंद. आता शर्ट पुन्हा पोटाला घट्ट बसतोय, आणि जत्रा पुन्हा येणारच आहे.

पण पैसे भरलेत ना? आणि बंद लूम आमच्या घरात कुणाला बघवत नाही. एक कारीगर आला नाही तर दुसरा उभा करायचा, मशीन थांबता कामा नये. म्हणून पप्पांच्या कार्डावर आम्ही शिफ्ट लावल्यात. दुपारच्या बायकांच्या बॅचला आधी आक्का. ती नऊवारीत सायकलच्या गादीवर बसते आणि एसीत झोपते. ती उठली की माझी ड्युटी. आणि तिथल्या मेघाली मॅडम रोज सगळ्यांसमोर, भिंतभर आरशांसमोर, खणखणीत आवाजात हजेरी घेतात.

"केसरीनाथ?"

आक्का झोपेतून कोपर मारते. ऋतिका इथं नाही.

मग मीच हात वर करते आणि म्हणते, "हजर."