गेममधला गळ

"हळू बोल, मासे ऐकतात!" लहानपणी तळ्याकाठी बापाने दटावलेलं दातांच्या दवाखान्यातल्या नर्सला आज एकदम आठवलं. समोरच्या बाकावर म्हातारे वडील आणि त्यांची लेक हमरीतुमरीवर आली होती.

"तुमचा जन्म होडीत गेला, बाबा, म्हणून नातीला मासे मारायचा गेम? जित्या जिवाच्या तोंडात गळ! काय शिकेल पोर?"

"काल तू तळलास, तो काय राजीखुशीने कढईत उतरला होता?"

"फाटे फोडू नका. आज काढूनच टाकते तो गेम."

"काढ की! आणि स्वतःच्या फोनमधून मान कधी काढणार?"

"बाबा, एवढा काय जीव अडकलाय त्यात?"

"दिवसभर ती माझ्याशी बोलत नाही गं. गेम लावला की तेवढं विचारते, 'आजोबा, आता ओढू?'"