चोख कागदाची बंदूक

टाळकरी, जरा विसावा घ्या. सोपानराव, मृदंगावरचा हात उचला. भजन गोड झालं, पण आता मी जे सांगणार आहे ते गोड नाही. ते ठेक्यावर बसत नाही.

मंडळी, एक प्रश्न विचारतो. उत्तर लगेच देऊ नका — लगेच उत्तर द्यायची आपल्याला भारी हौस! एका माणसानं गोळी झाडली, माणसं मेली. पाप कुणाचं?

"ज्यानं झाडली त्याचं!" — वा! पुढच्या रांगेतून उत्तर आलं, आणि मोठ्यांदा आलं. बरं. मग ज्याच्या भिंतीवर ती बंदूक टांगली होती, त्याचं काहीच नाही? ज्यांना आधी सगळं दिसत होतं, आणि "आपल्याला काय करायचंय" म्हणून जे पानाला चुना लावत बसले, त्यांचं? — बघा! आता आवाज येईना!

ऐका तर मग.

डोंगरपट्ट्यातलं एक गाव, कासारखिंड. वर जंगल, खाली भातशेती आणि ऊस. रानातून गवा उतरतो, डुकरं उतरतात, उभं पीक लोळवून जातात. म्हणून तिथं शेतीच्या राखणीसाठी बंदुकीचा परवाना मिळतो. घरटी म्हणा ना! बंदूक राखणीसाठी घेतली, पण पुढं काय झालं? लग्न ठरलं — काढ बार! मुलगा झाला — काढ बार! सरपंच निवडून आला — काढ बार! गवा बिचारा बांधावर उभा राहून विचारात पडायचा, की एवढं सगळं माझ्यासाठी घेतलं म्हणतात, मग माझी पाळी कधी येणार?

हसा, हसून घ्या. पुढं हसायला जागा नाही.

त्या गावात सुभेदार आबाजी दळवी. पलटणीतून आलेला ताठ माणूस. दारूचा थेंब नाही, कुणाशी तंटा नाही, शब्दाचा पक्का. माजघराच्या भिंतीवर त्यांची दुनळी बंदूक. दर रविवारी खाली काढायची, तेल द्यायचं, पुसायची, परत टांगायची. देवाच्या टाकांवरची धूळ एकवेळ राहील, बंदुकीवर राहायची नाही!

त्यांची बायको यमुनाबाई. आणि एकुलता एक मुलगा दिगंबर. शहरात कारखान्यात होता. काम सुटलं, लग्न मोडलं, आणि पोरगा घरी आला तो निराळाच होऊन. जेवायचा नाही. आढ्याकडं बघत बसायचा. आणि म्हणायचा, "आई, सगळं गाव मला हसतंय. मी गेलो की कुजबुजतात. एकदा दाखवतो त्यांना!"

आईनं हे ऐकलं आणि ती उठली. बाप बंदूक पुसत होता, तिथं ती जाऊन उभी राहिली.

"अहो, ऐकता का? पोराचं चित्त ठिकाणावर नाही. त्याला डॉक्टरकडं नेऊ. आणि तोवर ही बंदूक ठाण्यात ठेवून या."

सुभेदार हसले. "दळव्यांच्या भिंतीवरची बंदूक काढायची? गाव काय म्हणेल? आणि पोरगा आपला आहे गं, वैरी नाही."

"आपला आहे म्हणूनच सांगते!"

"पुरे झालं. कागद चोख आहे, माणूस चोख आहे. बंदूक आपणहून उडत नाही."

बाई थांबली का? नाही थांबली. तिनं काडतुसं उचलली आणि तांदळाच्या कणगीत पुरून ठेवली. सुभेदारांना सापडली. चारचौघांत बोलले तिला — "बाईमाणसानं असल्या वस्तूला हात लावायचा नसतो!" मग ती गेली पोलीस पाटलाकडं. भरदुपारी, पदर सावरत, नवऱ्याला चोरून. विचार करा, काय वाटलं असेल त्या बाईला! पोटच्या पोराविरुद्ध सांगायला निघालेली आई!

पाटील म्हणाले, "वैनी, परवाना सुभेदारांच्या नावावर. मुदत आहे, शिक्का आहे. पोरानं कुणाला मारलंय का अजून? नाही ना? मग मी काय लिहू? काही घडलं की या."

ऐकलंत? काही घडलं की या! मंडळी, घर पेटल्याशिवाय पाणी मागायचं नाही असा कायदा कुणी केला हो?

आणि घडलं.

हनुमान जयंती. शाळेच्या पटांगणात महाप्रसाद. उन्हासाठी मांडव, पत्रावळींच्या लांब रांगा. यमुनाबाई आमटी वाढत होत्या. सुभेदार पंक्तीत "सावकाश होऊ द्या, सावकाश होऊ द्या" म्हणत फिरत होते. आणि दिगंबर फाटकातून आत आला. खांद्यावर दुनळी, कमरेला काडतुसांचा पट्टा.

लोकांना काय वाटलं असेल? सांगा! कुणी घाबरलं नाही हो! एक जण तर ओरडला, "आला रे आला सुभेदाराचा वाघ! काढ मारुतीरायाच्या नावानं बार!" सवय होती ना! बंदूक दिसली की आनंदाचं काहीतरी आहे, अशी सवय!

दिगंबरनं बार काढला. पण हवेत नाही.

भिकाजी परीट हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता, तो तसाच बसला आणि आडवा झाला. दुसरा बार — नर्मदावैनी, गावची सुईण. ज्या दिगंबरला तिनं या जगात आणलं, त्याच्याच हातानं गेली. मग पळापळ. पत्रावळी, चपला, लेकरं, सगळं पायाखाली. त्यानं बंदूक मोडून उघडली, दोन काडतुसं भरली, पुन्हा झाडली. तातोबा गावड्याची वैदेही, चौथीतली पोर. जिलबीसाठी रांगेत सगळ्यांच्या पुढं उभी होती. जिलबी हातातच राहिली.

जखमी किती पडले ते मी सांगत नाही. ज्यांचे पाय गेले ते अजून आहेत तिथं.

त्यानं काडतुसं भरायला पुन्हा बंदूक उघडली. आणि त्या वेळी सगळे मांडवाबाहेर पळत असताना एक बाई उलट्या दिशेनं चालत आली. आमटीचं भांडं कुठं पडलं तिला ठाऊक नाही. तिनं सरळ ती तापलेली नळी मुठीत धरली. तळहाताची कातडी चरचरली, पण सोडली नाही.

"दिगू, दे इकडं."

"आई, बाजूला हो. तुझ्याशी माझं काही नाही."

"माझं आहे. मी बाजूला होत नाही. दे."

आणि तो मटकन खाली बसला, लहानपणी बसायचा तसा. म्हणाला, "आई, डोक्यात फार आवाज होतोय गं." मग लोक धावून आले. मग शूर झाले सगळे! तिनं लेकाच्या अंगावर पदर टाकला म्हणून चार लाथा तिलाही बसल्या. तो आज तुरुंगात आहे. ती जाते भेटायला. हाताची मूठ नीट मिटत नाही तिची.

आता गावानं काय केलं ते ऐका. खरं आख्यान इथंच आहे.

यमुनाबाई बाराव्याच्या आधीच सरपंचांच्या दारात. "गावातल्या सगळ्या बंदुका एका कुलपात ठेवा. गवा उतरला की दोघांनी मिळून काढायची, काम झालं की परत आत. ज्याच्या घरात कुणाचं मन बिघडलंय, त्याला द्यायचीच नाही."

सरपंच म्हणाले, "बाई, गाव सुतकात आहे. ही वेळ आहे का असलं बोलायची?"

बरं. सुतक फिटलं. ती पुन्हा गेली. सरपंच म्हणाले, "आत्ता कुठं लोक सावरतायत. कशाला जखमा उकरता?"

मग वेळ कधी असते हो? सुतकात नाही, सुतक फिटल्यावर नाही! पंचांगात कुठं असेल तर दाखवा मला!

शेवटी ग्रामसभा भरली. एक उठला — "दोष बंदुकीचा नाही, मनाचा आहे!" टाळ्या. दुसरा उठला — "सगळा मोबाइलचा परिणाम!" टाळ्या. तिसरा — "उलट त्या दिवशी पंक्तीत आणखी चौघांकडं बंदुका असत्या, तर पोरगं जागच्या जागी आडवं झालं असतं!" सगळ्यात जास्त टाळ्या! अरे, त्या गर्दीत, त्या पळापळीत, आणखी चार नळ्या? आणखी किती वैदेही हव्या होत्या तुम्हाला?

तेव्हा सुभेदार उठले. त्या दिवसापासून ते कुणाशी बोलले नव्हते. म्हणाले, "तुम्ही म्हणता, चांगल्या माणसाच्या हातात बंदूक असली तर भीती नाही. मी चांगला माणूस होतो. विचारा गावाला. माझा कागदही चोख होता. बायको पाया पडून सांगत होती, आणि मला माझी भिंत सुनी दिसेल याची काळजी. त्यांना मारलं माझ्या पोरानं. पण बंदूक तेल देऊन तयार ठेवली होती ती मी."

आणि मग अध्यक्ष खाकरले. "सुभेदारसाहेबांच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. पुढचा विषय — मृतांच्या स्मरणार्थ गावाला कमान."

कमान झाली! संगमरवरी पाटी, वर तिघांची नावं. आणि उद्घाटनाला? बोला, काय केलं असेल उद्घाटनाला? बार काढले!

पुढं निवडणूक लागली. वरून हुकूम आला, परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करा. मंडळी, एकानंही "दोष मनाचा आहे" म्हटलं नाही! निमूट रांग लावून दिल्या. मतपेटीला धक्का लागू नये म्हणून सगळ्या बंदुका आत. आणि गवा? डबे वाजवले, फटाके लावले, आळीपाळीनं शेतातल्या माळ्यावर बसले. पीक वाचलं! मत राखायला जमतं, आणि पोर राखायला जमत नाही!

निकाल लागला. गुलाल उधळला. बंदुका परत न्यायला ठाण्यावर रांग लागली. फाटकाशी यमुनाबाई उभी. कुणाला शिवी नाही, शाप नाही. प्रत्येकाला एवढंच म्हणायची, "बाबा, राहू दे ना आतच." काही जण मान खाली घालून गेले. काही मागच्या बाजूनं गेले. आणि रांगेत तातोबा गावडे आला. वैदेहीचा बाप!

ती हबकली. "तातोबा... तू?"

तो रडत होता. "काकी, एक गेली माझी. धाकटी आहे अजून. सगळ्यांकडं बंदुका आहेत. मी एकट्यानं आत ठेवली तर माझ्या पोरीला कोण राखणार?"

काय उत्तर द्यावं तिनं? तुम्ही द्या! त्याला वाईट म्हणाल? मी नाही म्हणणार. सगळं गाव बंदूक खाली ठेवायला तयार नाही, म्हणून पोर गमावलेला बापही ठेवू शकत नाही. आता सांगा, पाप किती जणांचं? त्याची बंदूक त्याच्या खांद्यावर कुणी चढवली?

ती बाजूला झाली. त्या दिवशी पहिल्यांदाच बाजूला झाली.

मंडळी, मी परक्या गावाची निंदा करायला उभा नाही. आज दुपारी मी तुमच्या वेशीत आलो. बायकांनी ओवाळलं, पोरांनी फुलं टाकली, आणि माझ्या स्वागताला तुम्ही हवेत बार काढले. का हो? देवाचं नाव घ्यायला आलेल्या माणसाला बंदुकीनं राम राम? कुणी काढले ते विचारत नाही. तो समोरच बसलाय, मघापासून मान वर करत नाही. पण माना खाली घालून मला काय मिळणार?

उद्या काल्याचं कीर्तन. मी एकच सांगतो. सकाळी गावातल्या बंदुका ठाण्यावर घेऊन चला, मी टाळ घेऊन तुमच्या पुढं चालतो. सगळे मिळून, म्हणजे कुणा तातोबाला एकट्याला बंदूक खाली ठेवावी लागणार नाही. जमलं, तर परत येऊन काला करू. नाही जमलं, तर हंडी तुमची तुम्ही फोडा, मी फोडणार नाही. नारळ परत, शेला परत.

आणि आत्ता माझ्या पाया पडायला कुणी येऊ नका. घरी जा. भिंतीवर काय टांगलंय ते बघा. आणि घरातली बाई कधीपासून काय सांगतेय, ते एकदा खाली बसून ऐका.

बोला पुंडलिक वरदे —

का? आवाज का बसला?